पाणघोड्याच्या पोटात काय?

पाणघोड्याचा जबडा पडला तेव्हा सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि तो पडल्याचा आनंद थोरल्या सुनेला काही लपवता आला नाही.

जबडा म्हणजे अजून जबडा नव्हताच. कॉफी-अक्रोडाच्या केकची वीतभर रुंद लादी होती. थोरलीची परीक्षा ठरलेली: लादी टेबलाच्या कडेला ठेवायची, तिसरा हिस्सा बाहेर लोंबता, त्या टोकावर पाण्याने भरलेला कप, आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचे. तगली ती लादी कोरायला घ्यायची, मोडली ती चहाबरोबर खाऊन टाकायची. कॉफी-अक्रोड एकसष्टाव्या आकड्याला मोडली. कप फुटला आणि पाणी बाळच्या नव्या बुटात गेलं.

"अक्रोडाने मोडली," थोरली म्हणाली. "प्रत्येक तुकड्यापाशी चीर जाते. जबड्यात अक्रोड नको, हे मी सोमवारपासून ओरडून सांगतेय."

"मग अक्रोड बारीक कर," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "आमच्या वेळी आम्ही बारीक करत होतो."

"तुमच्या वेळी केकला जबडे नव्हते, आई."

बेकरीच्या मागच्या खोलीत सगळे जमले होते ते चवी ठरवायला. प्राणिसंग्रहालयातली पाणघोडी पंचेचाळीस वर्षांची होत होती. तिच्या वाढदिवसाला तिच्याच रूपाचा तीस किलोचा केक हवा होता, चार आखूड पायांवर उभा आणि तोंड उघडलेला. तिथली डॉक्टर चार वाजता चव घ्यायला येणार होती. आता बाहेरच्यांना वाटतं, चव म्हणजे जिभेची हौस. कोरीव केकात तसं नसतं. लिंबाने केक भुसभुशीत होतो, फळांचं पाणी आतल्या आत झिरपतं, मलई उन्हात हातपाय गाळते. कुठल्या अवयवात कुठली चव, हे चुकलं की पाणघोडा उभ्याचा आडवा होतो, मग वर कितीही गोजिरवाणे कान काढा. या घराला हे बावीस वर्षांपासून माहीत होतं, कारण थोरलीला माहीत होतं.

बाळ बूट काढून त्यातलं पाणी मोरीत ओतत होता. बाळ म्हणजे सासूबाईंचा धाकटा, चाळिशी ओलांडलेला, डोक्यावरचे केस अर्धे गेलेले, पण नाव काही बदललं नाही. "जबड्याचं जाऊ द्या," तो म्हणाला. "पोटाचं माझं ठरलंय. ताजी स्ट्रॉबेरी आणि मलई. कापला की आतून गुलाबी! पाणघोडा आतून गुलाबीच असतो. मी डॉक्टरांना फोनवर सांगूनसुद्धा टाकलं."

थोरलीने हातातली झाडणी खाली ठेवली. "काय सांगून टाकलंस?"

"त्यांना फार आवडलं."

"आवडणारच! उचलली जीभ लावली टाळ्याला. तीन तास उघड्यावर उभा राहायचाय तो. दीड तासात तुझी स्ट्रॉबेरी रडायला लागेल, दोन तासांनी पोट पायांवर बसेल, आणि मग लोक म्हणतील पाणघोडी बाळंत झाली!"

भट्टीपाशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला, थोरल्याला, हसू आलं. आईने बघितलं तसं त्याने ते पुसून टाकलं आणि भट्टीचं स्वच्छच असलेलं दार पुन्हा फडक्याने पुसायला घेतलं. घरात आवाज चढला की हा माणूस काहीतरी पुसतो. बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षी हे ओळखलं होतं आणि त्यानंतर घरातली एकही वस्तू धुळकट राहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

टेबलावर अजून चार लाद्या होत्या. संत्रं-बदाम, चॉकलेट, लिंबू, खजूर. बोटं वेगवेगळ्या ठिकाणी गेली. सासूबाईंचं संत्रं-बदाम, कारण बेकरीचं नाव त्यावर झालं होतं. धाकट्या सुनेचं लिंबू, कारण तिला लिंबू आवडायचं आणि तिने तसं सरळ सांगितलं. बाळची स्ट्रॉबेरी टेबलावर नव्हतीच, तरी त्याचं बोट हवेत. थोरल्याने कुठेच बोट ठेवलं नाही.

आणि मग बाळने पिशवीतून एक वही काढली. नवीकोरी, जाड पुठ्ठ्याची. ती त्याने लाद्यांच्या मधोमध ठेवली, खिशातून पेन काढलं आणि अगदी लाडात म्हणाला, "वहिनी, आता सगळं समोर आहेच, तर एक काम उरकून घेऊ. तुम्ही मापं सांगा, मी लिहितो. प्रत्येक चवीचं. किती मैदा, किती लोणी, किती वेळ भट्टीत. एकदा कागदावर आलं की कटकट नाही."

"कुणाची कटकट?"

"नव्या दुकानाची. पुढच्या महिन्यात उघडतोय ना. तिथे कोरीव केकचं सगळं ही बघणार." त्याने बायकोकडे मान वळवली. "तुम्ही इथेच, तुमच्या भट्टीपाशी. तुम्हाला धावपळ नको या वयात."

थोरली सत्तेचाळीस वर्षांची होती. तिने वही हातात घेतली. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदावर बाळच्या सुवाच्य अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: 'आईंचे ठोस केक'.

ती एवढंच म्हणाली, "आईंचे?"

*

सासूबाईंना तो आवाज ओळखू आला. फार वर्षांपूर्वी, लग्न होऊन आलेली ही पोरगी पहिल्यांदा रागावली होती तेव्हाही ती ओरडली नव्हती. एकच शब्द बोलली होती आणि दिवसभर गप्प राहिली होती.

"अगं, दुकान माझ्या नावावर चाललंय म्हणून लिहिलं असेल त्याने," त्या म्हणाल्या. "लोक 'आईंच्या बेकरीत जाऊन येतो' म्हणतात. 'मोठ्या सुनेच्या बेकरीत' कुणी म्हणतं का?"

"केक कुणाचा आहे, आई?"

"घराचा."

"कुणी शोधला?"

"शोधला काय त्यात? मीच शिकवलं तुला. आलीस तेव्हा अंडं फोडता येत नव्हतं."

"अंडं फोडता येत नव्हतं, खरंय," थोरली म्हणाली. "लग्नाला तिसरा महिना होता. माझा केक फुगलाच नाही. तुम्ही तो टिनासकट पुढच्या दुकानात नेलात. दोन कामगार होते, तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर पाच किलोचं लोखंडी वजन उचलून त्या गरम केकवर आपटलंत. म्हणालात, 'वीटच करायची असेल तर नीट तरी कर.' आणि ते रात्रभर तसंच ठेवायला लावलंत, आल्यागेल्याला दिसावं म्हणून."

धाकटीने नवऱ्याकडे बघितलं. नवरा वहीकडे बघत होता.

"सकाळी मी ते फेकायला गेले," थोरली पुढे म्हणाली. "वजन उचललं आणि सुरी घातली. एक कण सांडला नाही. साबण कापावा तसा कापला गेला. गरम केकवर रात्रभर वजन, एवढंच आहे ते सगळं. बाकी किती वजन, कुठल्या चवीवर, केक किती गरम असताना, हे मला बावीस वर्षांनी हाताला कळतं. आणि पहिल्यांदा मी काय कोरलं माहितीये? तुमचं नाक. हुबेहूब जमलं होतं. मग खाऊन टाकलं."

धाकटी फसकन हसली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

सासूबाईंना हसू आलं नाही. त्यांना ते वजन आठवत होतं. केक आठवत होता, त्या तिघांतलं एक गिऱ्हाईक कुत्सितपणे हसलं होतं तेही आठवत होतं. फुगला नाही याचा त्यांना राग आलाच नव्हता. राग आला होता तो त्याच्या आदल्या आठवड्यात, जेव्हा या पोरीने एकदा बघून बिस्किटांवरची पानं काढली होती, त्यांच्यापेक्षा सुबक, आणि कारागीर 'वा' म्हणाले होते. त्यांना ती पानं शिकायला दोन वर्षं लागली होती. जळल्या होत्या त्या, दुसरं काही नाही. पण आता पंचाहत्तराव्या वर्षी पोरासोरांसमोर हे कोण बोलणार? त्यांनी पदर सारखा केला. "मला नाही बाई असलं काही आठवत," त्या म्हणाल्या. "घरातल्या गोष्टी वाढवून सांगायची सवयच आहे तुला."

थोरली नवऱ्याकडे वळली. "तुम्ही होतात तिथे. सांगा."

थोरल्याचं फडकं थांबलं.

"सांगा ना. वजन आपटलं की नाही?"

"अगं, जाऊ दे ना," तो म्हणाला. "जुन्या गोष्टी उगाळून काय मिळणार आहे? चार वाजता बाई येणारेत."

आत्तापर्यंत थोरली रागावलेली होती, ती सासूवर, दिरावर, त्या वहीवर. हे ऐकल्यावर तिचा राग जागा सोडून नवऱ्याकडे गेला आणि तिथे चांगला बसला. आई खोटं बोलते ते तिचं तिच्यापाशी. पण हा माणूस बावीस वर्षं एकाच अंथरुणावर झोपून अजून मूग गिळून बसतो!

"मापं हवीत ना? लिही," ती बाळला म्हणाली. "मैदा सातशे, लोणी पाचशे, अंडी दहा. हे तुझ्या दादालाही पाठ आहे, पोत्यावर लिहून ठेव हवं तर. वजनाचं मात्र मी सांगणार नाही. ज्यांनी शिकवलं त्यांना विचार."

तिने एप्रन सोडला, खजुराच्या लादीशेजारी ठेवला आणि पुढच्या दुकानात निघून गेली. मधलं झुलतं दार तिच्यामागे बराच वेळ हलत होतं.

*

धाकटीला या घरात येऊन सहा वर्षं झाली होती. तिच्याबद्दल एवढंच सांगायला हवं की ती वाईट बाई नव्हती. गेले दोन महिने ती बटाट्यांवर सुरी चालवून हत्ती-घोडे करत होती आणि त्या हत्तींची भाजी घरादाराला खाऊ घालत होती. नव्या दुकानात आपण उभं राहायचं, लोकांनी आपल्याला विचारायचं, याचं तिला आकर्षण होतं. मात्र या व्यवहारात थोरल्या जावेचं काय होणार, हे तिने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणूनच विचारलं नव्हतं.

"तू म्हणाला होतास ताईंनी होकार दिलाय," ती नवऱ्याला म्हणाली.

"देणारच होती. तिला समजावायला वेळ नाही मिळाला."

"अरे, पण वहीवर नाव लिहायला मिळाला!"

"हे बघ, तू तरी सुरू होऊ नकोस. तुझ्याचसाठी चाललंय हे."

"माझ्यासाठी? मी तुला म्हटलं मला ताईंकडून शिकायचंय म्हणून. चोरून आण म्हणून नाही म्हटलं. उद्या लोक मला विचारतील, केक इतका घट्ट कसा? मी काय सांगू? सासूबाईंनी केला, जावेने कोरला, आणि मी आयत्या बिळावरचा नागोबा?"

"धाकटे, तोंड सांभाळ," सासूबाई म्हणाल्या.

"सांभाळते, आई. तुम्ही फक्त हो की नाही सांगा. आपटलं होतं का वजन?"

"मला पाणी द्या कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या. थोरल्याने लगबगीने पाणी दिलं आणि पेल्याचं बूड आधी पुसून घेतलं.

बाळने हात झटकले. "ठीक आहे! नको सांगू दे वहिनीला. दादा, आपण करू. वजन ठेवायचं तर ठेवू की, त्यात काय रॉकेट उडवायचंय? दहा किलोचं ठेवू, आणखी घट्ट होईल."

"दहाने केक खालून चिकट होतो," थोरला भट्टीकडे बघत म्हणाला. "तेल सुटतं. संत्र्याच्या केकला तर चारच्या वर चालतच नाही."

त्याचं त्यालाच कळलं आपण काय बोललो ते.

"म्हणजे दादा, तुम्हाला सगळं माहितीये," धाकटी सावकाश म्हणाली. "आणि तुम्ही इथे दार पुसताय."

*

पुढच्या दुकानात थोरली गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसली होती. या खुर्चीत ती आयुष्यात कधी बसली नव्हती. हातांना काही काम नव्हतं म्हणून तिने ते मांडीखाली दाबून ठेवले. आतून आवाज येत होते, बाळचा चढा, धाकटीचा त्याहून चढा. भांडा, ती मनात म्हणाली. चांगले भांडा. माझ्याशिवाय भांडा एकदा.

दार ढकलून एक बाई आत आली. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगाला औषधाचा आणि गवताचा वास. "मी फार लवकर आले का?" तिने विचारलं. "चार म्हटलं होतं, पण एका माकडाचा दात काढायचा होता, तो दहा मिनिटांतच निघाला. मी पाणघोड्यांची डॉक्टर. सगळ्यांचीच, पण सध्या हीच ओळख आहे."

"बसा," थोरली म्हणाली. आत नेऊन सोडावं असा विचार तिच्या मनात आला आणि आतल्या आवाजांमुळे तिथेच थांबला. "एक विचारू? ती खरी कशी आहे? तुमची पाणघोडी."

डॉक्टर बसली. हे तिला अजून कुणी विचारलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. "म्हातारी झालीय. मागचे पाय गेलेत. पाण्यात असली की राणी, बाहेर आली की दोन मिनिटांत बसते. पुढचा वाढदिवस काही ती बघायची नाही. म्हणून म्हटलं हा मोठा करू, मुलांना बोलवू."

"किती मुलं?"

"तीनशे. शाळेतली. सहा ते दहा वर्षांची."

थोरली ताठ बसली. तीनशे मुलं! आठ दिवस या घरात स्ट्रॉबेरी आणि अक्रोडावरून डोकी फुटत होती आणि केक खाणार कोण हे एकाने विचारलं नव्हतं. तिनेही नाही. तिला त्याची लाज वाटली.

"दाणे, बदाम, अक्रोड न चालणारी कुणी आहेत का त्यात?"

"एकवीस. त्यातल्या दोघांना तर नुसता हात लागला तरी अंगावर पुरळ येतं. मी सांगितलंय ना फोनवर. तुमच्या त्या गृहस्थांना. पहिलं वाक्य तेच होतं माझं."

थोरलीने काही क्षण डोळे मिटले. मग तिने काउंटरवरचा पुड्या बांधायचा कागद ओढला आणि पेन्सिलीने पाणघोडा काढला, एका ओळीत, पेन्सिल न उचलता.

"पायांत खजूर," ती म्हणाली. "खजुराचा केक चिवट असतो, ओझं घेतो. पोटात आणि जबड्यात चॉकलेट. पाठीत संत्रं, बदामाशिवाय. बदाम काढला की ते थोडं ठिसूळ होतं, पण पाठीवर कशाचं ओझं नसतं, चालेल. आणि तुम्हाला आतून गुलाबी हवा होता ना? उघड्या तोंडाच्या आत स्ट्रॉबेरीचा जॅम, आटवून घट्ट केलेला, त्याचा पातळ थर. मुलं पहिलं तेच चाटतील."

"मलई?"

"मलई नाही. उभा हवाय की बसलेला?"

"उभा," डॉक्टर म्हणाली. "ती नाही उभी राहू शकत, तो तरी राहू दे."

"तुमच्याकडे भट्टी आहे?"

"उपाहारगृहात मोठी आहे. दोनशे माणसांचं जेवण होतं."

"मग इथून नेण्यात अर्थ नाही. रस्त्यात एक गचका बसला की कान जातात. मी तिथेच भाजेन, तिथेच कोरेन. चार दिवस लागतील." हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग थोरलीला कळलं की आपण 'मी' म्हणालोय. तिने ते मागे घेतलं नाही. "फक्त, कोरणारीचं नाव लिहायचं. पाटीवर. माझं."

"तुमचंच लिहिणार ना, दुसऱ्या कुणाचं लिहू?" डॉक्टर म्हणाली. तिला यात काही विशेष आहे असं वाटलंच नाही.

*

दोघी आत आल्या तेव्हा बाळ स्ट्रॉबेरी चिरत होता. डॉक्टरला बघून त्याने तोंडभर हसू आणलं. "या या! पोटाचा नमुना तयारच होतोय. आईंच्या हाताची चव, साठ वर्षांची—"

"चवी ठरल्या आमच्या," डॉक्टर म्हणाली. "या बाईंशी बोलणं झालं. खजूर, चॉकलेट, संत्रं. दाण्यांचा कण नको. तुम्हाला मी सांगितलं होतं."

"दाणे? हो, म्हणजे... ते मी सांगणारच होतो घरात."

"एकवीस मुलं आहेत, बाळ," थोरली म्हणाली. "एकवीस! तू तिथे बदामाचा पाणघोडा नेऊन उभा करणार होतास. आणि मी तो कोरून देणार होते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. गुलाबी तेवढं लक्षात राहिलं तुझ्या!"

बाळने सुरी खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता, पण हार मानायची सवय नव्हती. "बरं झालं वेळेत कळलं. शेवटी काम आपल्या दुकानालाच मिळालं ना?"

"दुकानाला नाही. मला मिळालं. मी त्यांच्या भट्टीत करणार आहे."

"असं कसं? आई, बघ ना!"

सासूबाईंनी बघितलं. त्यांना मोठी सून दिसत होती, हातात पुडीचा कागद, त्यावर एका ओळीत काढलेला पाणघोडा, इतका जिवंत की त्यांना तो घ्यावासा वाटला. ही आता गेली तर परत येईल, चार दिवसांनी येईल, भाजीला फोडणी देईल, औषधाच्या गोळ्या मोजून देईल. पण या खोलीत परत येणार नाही. हे त्यांना अगदी स्वच्छ कळलं.

"मी आपटलं होतं," त्या म्हणाल्या.

त्या पुटपुटल्या होत्या. बाळने "काय?" म्हटलं.

"ऐकू नाही आलं," थोरली म्हणाली. "मोठ्याने, आई. त्या दिवशी जेवढ्या मोठ्याने बोलला होतात तेवढ्या मोठ्याने. आजही परक्या माणसासमोरच आहोत, काही अडत नाही."

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "असू दे ना आता."

"तू मध्ये बोलू नकोस."

सासूबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. एकदा रागानेच सुनेकडे बघितलं. मग आवाज चढवून, प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणाल्या, "मी आपटलं होतं वजन! सगळ्यांसमोर! तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता म्हणून आपटलं. केक तुझा आहे. मी काही शिकवलं नाही. झालं समाधान?"

डॉक्टर रबरी बुटांकडे बघत उभी राहिली.

थोरलीला बावीस वर्षं वाटत आलं होतं की हे एवढं एकदा कानावर पडलं की आतलं सगळं निवेल. तिने वाट बघितली. निवलं नाही. उलट, इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं का लावली, असा नवाच संताप आला. तरीही तिने मान हलवली, कारण म्हातारीला बोलायला लागलेलं बळ खोटं नव्हतं. "बसा, आई," ती म्हणाली.

मग ती बाळकडे गेली, वही उचलली, पुठ्ठ्यावरचा कागद टरकावला आणि वही धाकटीच्या हातात दिली. "चार दिवस सकाळी सहाला तिथे यायचं. सुरीला हात लावायचा नाही. बघायचं आणि लिहायचं. पहिल्या पानावर काय लिहायचं ते कळतंय ना?"

"कळतंय," धाकटी म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलंच नाही.

आता एकच माणूस उरला होता. तो भट्टीपाशी होता, फडकं हातात, आणि सगळ्यांचं बोलून झालंय तर आपण सुटलो, असं त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"आता तुम्ही," थोरली म्हणाली.

"मी? आईने सांगितलं की सगळं."

"आईंनी त्यांचं सांगितलं. तुम्ही तुमचं सांगा."

थोरल्याने भावाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. कुणीच त्याला सोडवलं नाही. फडक्याचा बोळा करत तो म्हणाला, "मी तिथेच होतो. बिस्किटांचा ट्रे होता माझ्या हातात. तू रडत नव्हतीस. नुसती बघत होतीस माझ्याकडे. मला वाटलं ट्रे खाली ठेवावा आणि काहीतरी बोलावं. पण मी..." तो अडखळला. "मी तसाच उभा राहिलो. ट्रे धरून."

"आणि नंतर?"

"नंतरही," थोरला म्हणाला. "उभाच आहे."

"मग आता हला!" थोरली ओरडली. "मैद्याचं पोतं गाडीत ठेवा."